तेराव्या खुर्चीवरून

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की दोन गोष्टी पदरात पडतात : मतदानाचा हक्क आणि ज्यूरी ड्यूटीचं समन्स, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवायला साध्या नागरिकांना कोर्टाकडून येणारं बोलावणं. पहिलीचे फोटो काढून आपण व्हॉट्सॲपवर टाकतो. दुसरी आली की ओळखीतला जो तो त्यातून सुटायचं कसं ते सांगायला लागतो. मला समन्स आलं तेव्हा आमच्या भिशीच्या ग्रुपवर उपायांचा पाऊस पडला. "इंग्रजी नीट कळत नाही म्हण." (इथल्या कंपन्यांचे हिशेब तपासण्यात माझी उमर चालली आहे, कोण विश्वास ठेवणार?) "पोलीस सांगतात ते खरंच असतं असं ठणकावून सांग, लगेच घरी पाठवतात." "साध्या टपालानं येतं गं, मिळालंच नाही म्हणायचं." शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्यात इतकं मुरलंय की पायरी आरोपी म्हणून चढायची, फिर्यादी म्हणून की न्याय करायला, यानं काही फरक पडत नाही.

मला मात्र जायचं होतं. जन्मभर ऑडिट केलेल्या बाईला कोणी घरपोच आमंत्रण देऊन पुरावा तपासायला बोलावतंय, तर नाही कशाला म्हणायचं?

आमची काउंटी, म्हणजे जिल्हा, सँटा क्लारा. कॅलिफोर्नियात कोर्ट नावं काढतं ती मतदारयादीतून, डीएमव्हीच्या म्हणजे लायसन्स-आयडीच्या नोंदींतून आणि २०२२ पासून राज्याचा इन्कम टॅक्स भरणाऱ्यांच्या यादीतूनही. डीएमव्हीत नागरिक नसलेल्यांचीही नावं असतात, म्हणून एच-वन-बीवाल्यांना आणि ग्रीन कार्डवाल्यांनाही समन्स जातं. आमच्या सासूबाईंना आलं होतं. त्यांनी ते देव्हाऱ्यात बाळकृष्णासमोर ठेवलं आणि दोन दिवस धड जेवल्या नाहीत. कोर्टाच्या पोर्टलवर 'नागरिक नाही' या पर्यायावर खूण केली आणि विषय संपला. कोणाला असं समन्स आलं तर एवढंच करायचं, पण करायचं नक्की. कागद केराच्या टोपलीत टाकू नये, आणि हौसेनं 'हो, मी नागरिक' असं तर मुळीच लिहू नये. नागरिक नसताना तसा दावा केला तर पुढे इमिग्रेशनमध्ये फार महाग पडतं. उत्तरच न देणाऱ्या नागरिकाला १,५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पण 'तुम्ही ज्यूरीला आला नाहीत, आत्ता पैसे भरा नाहीतर अटक' असा फोन आला, तर तो खुशाल ठेवून द्यावा. कोर्ट फोनवर पैसे मागत नाही.

माझी तारीख नेमकी क्वार्टर एंडला आली होती. तारीख ऑनलाइन पुढे ढकलता येते, ती मी ढकलली. ऑफिसात कळवलं. ज्यूरीला गेलं म्हणून नोकरीवरून काढता येत नाही हा इथला कायदा आहे, पण त्या दिवसांचा पगार द्यायलाच हवा असं बंधन खासगी कंपनीवर नाही. आमची कंपनी देते. रोजंदारीवर काम करणाऱ्यांचे हाल होतात, कारण कोर्टाकडून मिळतात ते दुसऱ्या दिवसापासून रोजचे १५ डॉलर आणि थोडा प्रवासखर्च. सॅन होजेत त्यात एका माणसाचं दुपारचं जेवण जेमतेम होतं.

समन्सवर गट क्रमांक असतो. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी वेबसाइटवर बघायचं की उद्या आपल्या गटाला बोलावलंय का. बरेच जण आठवडाभर नुसतं बघत राहतात आणि तेवढ्यावर सुटतात. आमचा गट लागला.

आदल्या रात्री ठाण्याला बाबांना फोन केला. ते एकदम उत्साहात. "टिळकांना ज्यूरीनंच आत घातलं, माहितीय ना?" माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं. १९०८चा राजद्रोहाचा खटला, मुंबई हायकोर्ट, न्यायमूर्ती दावर. ज्यूरीत नऊ जण, त्यांतले सात युरोपियन, दोन पारशी. कौल सात विरुद्ध दोन. ज्यूरीचा निर्णय काहीही असो, मी निर्दोषच आहे, हे टिळकांचं उत्तर हायकोर्टात संगमरवरावर कोरलेलं आहे. केसरी मराठीत आणि त्याची भाषांतरं वाचून निर्णय देणारे सात साहेब, ही गोष्ट बाबांना अजून झोंबते. मग अर्थातच नानावटी, नौदलातल्या कमांडरचा खुनाचा खटला. त्या खटल्यामुळे भारतातली ज्यूरी गेली असं सगळे सांगतात, बाबाही सांगतात. १९५९मध्ये ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं, हे सगळं खरं. पण ज्यूरी बंद करा अशी शिफारस विधी आयोगानं १९५८मध्येच केली होती, आणि फौजदारी खटल्यांतून ज्यूरीचा मागमूस पुसला तो १९७३च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत. हे मी बाबांना सांगितलं. "बरं, तू उद्या डबा ने," ते म्हणाले.

डबा नेला ते बरं झालं. स्वेटरही नेला. कोणी जाणार असेल तर स्वेटर विसरू नका. हेडिंग स्ट्रीटवरच्या फौजदारी कोर्टात ज्यूरीची खोली एसीनं गारठलेली होती. दारात विमानतळासारखी तपासणी. माझ्या पुढच्या बाईंच्या विणायच्या सुया काढून घेतल्या, तिचा दिवस तिथेच बिघडला. आत शंभरेक माणसं, प्रत्येकाचं डोकं फोनमध्ये. ओरिएंटेशनचा व्हिडिओ झाला, मग नुसतं बसणं. बसायची तयारी हवी, बाकी कसली नको. कायद्याचं काही वाचून जाण्यात तर अजिबात अर्थ नाही, कारण लागेल तेवढा कायदा न्यायाधीश सांगतात आणि तेवढाच वापरायचा असतो.

वर कोर्टरूममध्ये नेलं, तिथे सगळ्यांना उभं करून शपथ. हिंदी सिनेमातल्यासारखं गीतेवर हात वगैरे काही नाही. खरी उत्तरं देईन, खोटं बोलले तर शिक्षेला पात्र, एवढंच. भिशी ग्रुपच्या सगळ्या युक्त्या त्या एका वाक्यात निकालात निघाल्या. ज्यांना खरंच अडचण होती, म्हणजे घरी आजारी माणूस, रोजची कमाई बुडणं, आधी काढलेलं विमानाचं तिकीट, त्यांनी फॉर्म भरून दिले आणि न्यायाधीशांनी एकेकाला नीट विचारून बऱ्याच जणांना सोडलं. खोटं न बोलता सुटायचा रस्ता हा असतो, आणि तो चांगला रुंद आहे.

खटला दारू पिऊन गाडी चालवल्याचा. समोर साधासा तरुण, मापाचा नसलेला कोट घालून बसलेला. आरोप दोन : एक, दारूच्या अमलाखाली गाडी चालवली; दोन, रक्तात मद्याचं प्रमाण ०.०८ टक्के किंवा जास्त असताना चालवली. दोन्ही वेगळे, एकात दोषी आणि दुसऱ्यात निर्दोष असंही होऊ शकतं.

मग ज्यूरीची निवड. हा भाग मला सगळ्यांत जड गेला आणि सगळ्यांत रंजकही वाटला. अठरा जणांना पुढे बसवतात, हातात लॅमिनेट केलेला प्रश्नांचा कागद : कुठल्या भागात राहता, काम काय, जोडीदाराचं काम काय, पूर्वी ज्यूरीत होता का. हे सोपं. मग न्यायाधीश आणि दोन्ही वकील खोदायला लागतात. पिता का? घरी कोणाला व्यसन आहे का? पोलिसांचा वाईट अनुभव? कोणाचा अपघात झालाय का? माझ्या शेजारच्या गृहस्थांचा भाऊ अशाच अपघातात गेलेला. त्यांनी शांतपणे सांगितलं, न्यायाधीशांनी आभार मानून त्यांना जाऊ दिलं.

सरकारी वकील तरुण मुलगी होती. तिचं झाल्यावर न्यायाधीशांनी मागच्या रांगेतल्या एका इंजिनियरला विचारलं, "आत्ता या क्षणी मत द्यायला सांगितलं तर काय द्याल?" तो म्हणाला, "अजून काही ऐकलंच नाही, कसं सांगणार?" न्यायाधीश म्हणाले, "ऐकलं नाही म्हणूनच उत्तर ठरलेलं आहे. निर्दोष." सगळी खोली जरा सावरून बसली. पुरावा शून्य तर खात्यावर शून्य; मला पटलं.

बचावाचे वकील साठीचे, आवाज मऊ. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "माझा अशील साक्ष द्यायला उभाच राहिला नाही, तर तुम्हाला काय वाटेल?" माझ्या आधीच्या चौघांनी 'काही नाही, तो त्याचा हक्क आहे' असं चटकन सांगितलं होतं. माझ्याही ओठांवर तेच आलं होतं. समोरच्याला बरं वाटेल ते बोलायची आपल्याला सवय असते, त्यात उंचावर बसलेले न्यायाधीश म्हणजे तर शाळेचे हेडमास्तरच. पण शपथ नुकतीच घेतलेली. मी म्हणाले, "आमच्याकडे म्हण आहे, कर नाही त्याला डर कशाला. तो गप्प बसला तर माझ्या मनात ती येणार."

वकिलांनी मान डोलावली, नाराज दिसले नाहीत. न्यायाधीश पुढे झुकले. "मी सांगितलं की त्याचं गप्प बसणं हिशेबातच धरायचं नाही, तर जमेल?"

"प्रयत्न करीन."

"प्रयत्न करीन हे उत्तर मला चालत नाही. जमेल की नाही?"

मी थोडा वेळ घेतला. ऑडिटमध्ये फाइलला नसलेलं व्हाउचर 'असेल कुठेतरी' म्हणून धरता येत नाही, हे मीच ज्युनियर पोरांना सांगत आलेय. माणूस बोलला नाही म्हणजे फाइलला कागद नाही, बस. "जमेल," म्हणाले, आणि तेव्हा ते खरंच होतं. मला वाटलं होतं हे ऐकून बचावपक्ष मला काढणार. अशा छोट्या खटल्यात दोन्ही बाजूंना कारण न देता सहा-सहा जणांना वगळता येतं. त्यांनी 'काही नाही वाटणार' म्हणणाऱ्यांतले दोघे वगळले आणि मला ठेवलं.

जाता जाता एक. माझे उच्चार ऐकून मला काढतील अशी धास्ती होती. कॅलिफोर्नियात २०२२ पासून फौजदारी खटल्यात 'इंग्रजी ही याची मातृभाषा नाही' हे ज्यूररला वगळण्याचं कारण म्हणून सहजासहजी चालत नाही, तसा कायदाच केलाय. हे आधी ठाऊक असतं तर रात्री जरा झोप लागली असती.

बारा खुर्च्या भरल्या आणि मग माझं नाव आलं : पर्यायी ज्यूरर. तेरावी खुर्ची. सगळं ऐकायचं, टिपणं काढायची, पण बारांतलं कोणी आजारी पडलं तरच निर्णयात सामील व्हायचं.

पहिल्याच दिवशी न्यायाधीशांनी बजावलं की खटल्याबद्दल कोणाशी बोलायचं नाही, नवऱ्याशीसुद्धा. इंटरनेटवर काही शोधायचं नाही. ती जागा बघायला जायचं नाही. ऐकायला सोपं आहे. नवऱ्यानं जेवताना आडून आडून सगळे प्रकार केले. "निदान खून आहे का एवढं तरी सांग, म्हणजे दारं नीट लावतो." सासूबाईंना काळजी की मी शिक्षा दिली तर त्या माणसाचे नातेवाईक घरी येतील का. (शिक्षा ठरवतात न्यायाधीश, ज्यूरी फक्त दोषी की नाही ते सांगते. त्यांना एवढंच सांगता आलं.) आणि गाडी जिथे अडवली तो चौक नेमका माझ्या भाजीच्या दुकानाच्या वाटेवर. तेवढे दिवस मी लांबच्या रस्त्यानं कोथिंबीर आणली.

साक्षी लवकर आटोपल्या. पोलिसानं रस्त्यावरच्या चाचण्यांचं वर्णन केलं : एका पायावर उभं राहणं, सरळ रेषेत नऊ पावलं जाऊन वळून नऊ पावलं येणं. गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. पोराचा तोल एकदा गेला. रात्री, रस्त्याकडेला, डोळ्यांवर टॉर्च असताना माझाही गेला असता.

रक्त काढणाऱ्या बाईंची साक्ष मला आवडली. हातात राखाडी बुचाची रिकामी ट्यूब घेऊन त्यांनी दाखवलं : आत पांढरी पूड असते, रक्त गोठू नये आणि नासू नये म्हणून, ती मिसळायला ट्यूब आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटी-सुलटी करायची. बचावाच्या वकिलांनी विचारलं, "त्या रात्री किती वेळा केली?" "नेहमी करते तितक्या." "मोजल्या होत्या?" "नाही." आपलं काम चोख करणारी बाई, पण या खोलीत 'नेहमीसारखं' एवढं पुरत नाही.

खरा पेच वेळेचा होता. गाडी अडवली रात्री दहा वीसला, रक्त घेतलं साडेअकराच्या सुमारास, प्रमाण आलं ०.०९. तीन तासांच्या आत घेतलेल्या रक्तात ०.०८ सापडलं, तर चालवतानाही तेवढं होतं असं धरता येतं. पण ते धरणं पुराव्यानं खोडता येतं. लॅबच्या तज्ज्ञ म्हणाल्या, दारू पूर्ण अंगात उतरली असेल तर त्यानंतर प्रमाण तासाला साधारण ०.०१५ ते ०.०२ नं कमी होत जातं, म्हणजे चालवताना ते आणखी जास्त असणार. बचावपक्ष म्हणाला, दुसरा पेग निघता निघता घेतला होता. दारू अजून चढतच होती, चालवताना ०.०८च्या खालीच असेल. पुरावा काय? बरोबर जेवलेल्या मित्राची साक्ष आणि हॉटेलचं बिल. दोन व्हिस्की, विंग्ज, एक बर्गर, आणि कोपऱ्यात वेळ : ९ वाजून ५२ मिनिटं.

बिल पडद्यावर आलं आणि माझा हात पेन्सिलीकडे गेला. बिलाच्या कोपऱ्यातली वेळ ही दुसरा पेग मागवल्याची की बिल छापल्याची? बऱ्याच मशीनवर ती छापल्याची असते. तसं असेल तर पेग बराच आधी आला असणार, आणि मग 'चढतच होती' याला तेवढा जोर राहत नाही. इथे ज्यूररना चिठ्ठीवर प्रश्न लिहून देता येतो. मी दिला. न्यायाधीशांनी वाचला, दोन्ही वकिलांना बाजूला बोलावलं, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून स्पीकरमधून खरखर सुरू केली. परत आल्यावर चिठ्ठी फाइलमध्ये गेली आणि साक्षीदाराला जायला सांगितलं. प्रश्न विचारला गेला नाही तर कारणाचा अंदाज बांधायचा नाही, हे आधीच बजावलेलं होतं.

आरोपी साक्षीला उभा राहिला नाही. म्हण मनात आली. तिला तिथेच बसवून ठेवली.

शेवटी न्यायाधीशांनी सूचना वाचून दाखवल्या. वाजवी शंकेपलीकडे म्हणजे काय, तर आरोप खरा आहे अशी टिकून राहील अशी खात्री. शंभर टक्के निःशंक असायला हवं असं नाही, कारण जगात सगळ्यालाच काही ना काही शंका काढता येते. मग बारा जण आत गेले आणि मी बाहेर. वही खुर्चीवर ठेवायची, ती नंतर नष्ट करतात. फोन चालू ठेवायचा, तोंड बंद. मला आत घ्यावं लागलं असतं तर बारांनी तोवरची सगळी चर्चा बाजूला ठेवून पहिल्यापासून सुरुवात करायची, असा नियम आहे. ऑफिसात बसून लेजर जुळवत होते, पण डोक्यात ९.५२. पहिल्या आरोपात माझं उत्तर तयार होतं : निर्दोष. दुसऱ्यात त्या बिलापाशी अडत होतं, आणि जिथे अडतं तिथला फायदा आरोपीचा.

कोर्टातून फोन आला की निकाल तयार आहे, यायचं असेल तर या. गेले, प्रेक्षकांत बसले. पहिल्या आरोपात निर्दोष. दुसऱ्यात एकमत नाही. फौजदारी खटल्यात बाराच्या बारा एकमत लागतात, नाहीतर त्या आरोपापुरता खटला रद्द. तो पुन्हा चालवायचा की सोडायचा हे सरकारी पक्षानं ठरवायचं.

आता बोलायला मोकळीक होती. कॉरिडॉरमध्ये दोन्ही वकील थांबले होते. कुठे कमी पडलो हे त्यांना ज्यूरीकडून ऐकायचं असतं. सरकारी वकील मुलीनं मला विचारलं, "तुम्ही आत असता तर?" मी बिलाचं सांगितलं. बचावाचे वकील बॅग बंद करता करता थांबले.

"ती चिठ्ठी तुमची होती?" ते हसले. "हरकत मीच घेतली होती. मित्राला त्या मशीनचं काय माहीत? त्यानं अंदाजपंचे काहीतरी ठोकलं असतं."

"मॅनेजरला माहीत असेल," मी म्हणाले.

मुलीनं फोन काढला आणि काहीतरी टिपून घेतलं. वकीलसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बॅग उचलत म्हणाले, "बाई, तुम्ही तेराव्याच खुर्चीत होतात ते बरं झालं."